यादी जुळली, पण पुस्तक?

नाशिकमध्ये द्वारका म्हणजे मुंबई-आग्रा रस्ता आणि नाशिक-पुणे रस्ता जिथे एकमेकांना भेटतात तो चौक. २००७ साली आम्ही या चौकापासून पाचेक मिनिटांच्या अंतरावर राहत होतो. महाराष्ट्रात तेव्हा भारनियमन जोरात होते. वीज कधी जाणार याचे वेळापत्रक ठरलेले असे, आणि वीज त्याखेरीजही जाई. घरात एक जोडणी करून घेतलेला संगणक होता, त्यावर लिनक्स. त्याला लावलेल्या यूपीएसची बॅटरी केव्हाच संपलेली. ती बदलायची हे दर महिन्याला ठरत होते.

या संगणकात माझ्या आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या नऊ ध्वनिफायली. ‘आता संगणकावर आहेतच की’ म्हणून त्या कॅसेटवर पुढे शाळेच्या स्नेहसंमेलनातली गाणी भरली गेली.

एके संध्याकाळी वीज परत आल्यावर संगणक सुरू केला. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे आली. ही डिस्क इतक्या वेळा न तपासता वापरली गेली आहे, म्हणून तपासणी सक्तीची, अशा अर्थाची. हा संदेश ओळखीचा होता. तीसेक वेळा संगणक सुरू केला की तो येई, टक्केवारी शंभरपर्यंत चढे आणि काम सुरू होई. त्या दिवशी मात्र आकडा मध्येच थांबला. डिस्कमधून टक् टक् असा आवाज येऊ लागला. मग सूचना आली: अनपेक्षित विसंगती, तपासणी हाताने चालवा. एका जाणकाराला फोन केला. तो म्हणाला, ‘जे विचारील त्याला वाय दाब.’ मी वाय दाबत गेलो. अर्ध्या तासाने संगणक व्यवस्थित सुरू झाला, डिस्क ‘क्लीन’ असल्याचे त्याने सांगितले, आणि ओव्यांचे फोल्डर जागेवर नव्हते.

त्या अर्ध्या तासात नेमके काय झाले ते समजायला मला बरेच दिवस लागले. समजल्यावर वाटले की प्रत्येक शिक्षकाला हे माहीत असावे, कारण यातला अर्धा भाग आपण दरवर्षी शाळेत करतोच.

शाळेचे ग्रंथालय डोळ्यांसमोर आणा. कपाटांना खण आहेत आणि प्रत्येक खणाला क्रमांक आहे. पुस्तक मोठे असेल तर त्याचे भाग सुटे करून चार वेगवेगळ्या खणांत ठेवायची इथे मुभा आहे, असे समजा. प्रत्येक पुस्तकाचे एक कार्ड असते. पुस्तक केवढे, कोणाचे, केव्हा बदलले आणि त्याचे भाग कोणकोणत्या खणांत आहेत हे त्यावर लिहिलेले असते. गंमत अशी, की या कार्डावर पुस्तकाचे नाव नसते, फक्त कार्डाचा क्रमांक असतो. नावे असतात वेगळ्या याद्यांत: अमुक नाव, तमुक क्रमांकाचे कार्ड. शिवाय कोणते खण रिकामे आहेत याचा एक तक्ता भिंतीवर लावलेला असतो. आणि सगळ्या ग्रंथालयाची मूळ माहिती, म्हणजे एकूण खण किती, कार्डे किती, शेवटची तपासणी केव्हा झाली, ही एका पानावर पहिल्याच कपाटात असते. या पानाच्या प्रती आणखी काही ठराविक कपाटांतही ठेवलेल्या असतात.

लिनक्सच्या फाइल सिस्टीममध्ये खणाला ब्लॉक, कार्डाला आयनोड, यादीला डिरेक्टरी, रिकाम्या खणांच्या तक्त्याला बिटमॅप आणि मूळ पानाला सुपरब्लॉक म्हणतात. घरच्या संगणकावर ब्लॉक बहुधा ४०९६ बाइटचा असतो. आपण ज्याला ‘फोल्डर’ म्हणतो ती फक्त नावे आणि कार्ड-क्रमांक यांची यादी असते. फाइल तिच्या ‘आत’ नसतेच.

आता एक नवी फाइल साठवायची आहे. खण भरायचे, तक्त्यावर ते ‘व्यापलेले’ दाखवायचे, कार्ड लिहायचे, यादीत नाव घालायचे. ही चार कामे एका क्षणी होऊ शकत नाहीत. दोन झाली आणि वीज गेली, तर? तक्ता सांगतो खण भरलेला आहे, पण एकाही कार्डावर त्याचा उल्लेख नाही. किंवा कार्ड आहे, पण यादीत नाव नाही. सर्वांत घातक म्हणजे तक्ता एखादा भरलेला खण ‘रिकामा’ दाखवतो. मग पुढचे पुस्तक त्याच खणात जाते आणि आधीचे पान फाटते.

यात आणखी एक गोष्ट मिसळलेली आहे. आपण ‘सेव्ह’ म्हटल्याबरोबर मजकूर डिस्कवर जातो हा समज चुकीचा आहे. तो आधी स्मरणात थांबतो आणि सवडीने उतरतो. नेहमीच्या मांडणीत लिनक्स त्याला सुमारे ३० सेकंदांपर्यंत थांबवून ठेवू शकतो. पेनड्राइव्ह तसाच उपसून काढला की वर्गात दाखवायची फाइल अर्धी निघते, ती याच कारणाने.

मे महिन्यात किंवा शाळा सुरू होताना आपण जडवस्तू संग्रहाची पडताळणी करतो. नोंदवहीत सात तराजू, प्रयोगशाळेत सहा. मग सातवा शोधायचा किंवा शेरा मारायचा. संगणकाची पडताळणीही अशीच असते. ती करणाऱ्या आज्ञावलीचे नाव एफएससीके, म्हणजे ‘फाइल सिस्टीम चेक’. युनिक्सच्या काळापासून ती चालत आलेली आहे. लिनक्सवर १९९३ साली रेमी कार यांची ईएक्सटी-२ ही फाइल सिस्टीम आली. तिच्यासाठी आणि तिच्या ईएक्सटी-३ व ईएक्सटी-४ या पुढच्या पिढ्यांसाठी ही तपासणी पाच फेऱ्यांत होते.

पहिल्या फेरीत एकेक कार्ड बघितले जाते. त्यावरचे खण-क्रमांक खरेच अस्तित्वात आहेत का? एकाच खणावर दोन कार्डे हक्क सांगत नाहीत ना? ही फेरी सर्वांत लांबते. दुसऱ्या फेरीत याद्या: प्रत्येक नावासमोरचे कार्ड आहे का? तिसऱ्या फेरीत मुख्य यादीपासून निघून प्रत्येक उपयादीपर्यंत पोचता येते का ते पाहतात. चौथीत प्रत्येक कार्डाचे नाव किती याद्यांत आहे ते मोजून कार्डावरच्या आकड्याशी ताडतात. ज्याचे नाव कुठेच नाही ते कार्ड बेवारस ठरते. पाचवीत भिंतीवरचा तक्ता नव्याने मोजून जुन्याशी जुळवतात.

बेवारस पुस्तकांसाठी एक वेगळे कपाट असते, ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाचे. प्रत्येक ईएक्सटी डिस्कच्या मुख्य फोल्डरमध्ये या अर्थाचे एक फोल्डर रिकामे पडलेले दिसते आणि नवशिक्याला ते कशासाठी आहे हे कळत नाही. नाव हरवलेली फाइल तिथे येते, आणि नाव नसल्यामुळे तिला कार्ड-क्रमांकानेच ओळखावे लागते.

माझ्या नऊ फायलींपैकी सहा तिथेच सापडल्या, नुसत्या क्रमांकांनी. उरलेल्या तीन कुठेच नव्हत्या. असे का झाले, याचा उलगडा त्या क्रमांकांतूनच झाला. ईएक्सटी-३ वर एक कार्ड तेव्हा १२८ बाइटचे असे, म्हणजे ४०९६ बाइटच्या एका ब्लॉकमध्ये ३२ कार्डे. माझ्या फोल्डरचे कार्ड आणि पहिल्या तीन ओव्यांची कार्डे एका ब्लॉकच्या शेवटी होती, पुढच्या सहांची लगतच्या ब्लॉकमध्ये. डिस्क झिजली होती आणि त्यातला पहिला ब्लॉक वाचता येत नव्हता. टक् टक् आवाज करीत ती तोच ब्लॉक पुन्हा पुन्हा वाचू पाहत होती. मला विचारले गेले होते की हा ब्लॉक वाचता येत नाही, त्यावर नव्याने लिहू का? मी वाय म्हटले. मग त्या ३२ कार्डांच्या जागी कोरा ब्लॉक लिहिला गेला. तीन फायलींचा आवाज त्या क्षणी डिस्कवर जिथल्या तिथे होता. तो कोणत्या खणांत आहे हे सांगणारे कार्ड मात्र मी स्वतः पुसले होते. बाकीच्या सहांचे फोल्डर गेले, पण कार्डे राहिली, म्हणून त्या बेवारस होऊन परत आल्या.

आज्ञावलीने तिचे काम चोख केले होते. याद्या, कार्डे आणि तक्ता यांचा मेळ बसवणे एवढेच तिचे काम. मेळ बसवायला एखादी नोंद खोडावी लागली तर ती खोडते. ‘क्लीन’ याचा अर्थ ‘नोंदी एकमेकींशी जुळतात’ एवढाच आहे. ‘तुमचे सगळे शाबूत आहे’ असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

मग वीज गेल्यावर दर वेळी असे रामायण का घडत नव्हते? कारण ईएक्सटी-३. स्टीफन ट्वीडी यांनी तयार केलेली ही फाइल सिस्टीम २००१ च्या नोव्हेंबरात लिनक्सच्या मुख्य प्रवाहात आली आणि तिने जर्नल आणले. जर्नल म्हणजे दुकानदाराची रोजकीर्द. रोजचा व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपायचा, मग सवडीने खतावणीत चढवायचा. खतावणी करताना दिवा गेला तर सकाळी रोजकीर्द उघडून अपुऱ्या नोंदी पुन्हा चढवायच्या. सगळी वही तपासायची गरज नाही. ईएक्सटी-२ च्या काळात अवचित बंद पडलेल्या मोठ्या डिस्कची पाच फेऱ्यांची तपासणी होईपर्यंत चहा होई, कधी जेवणही होई. रोजकीर्दीने ते काम काही सेकंदांवर आणले.

पण रोजकीर्दीत काय टिपले जाते ते नीट पाहिले पाहिजे. नेहमीच्या मांडणीत फक्त कार्डे, याद्या आणि तक्ता यांतले बदल टिपले जातात, फाइलमधला मजकूर नाही. २००८ च्या डिसेंबरात ईएक्सटी-४ वापरायला योग्य म्हणून जाहीर झाली, आणि पुढच्याच वर्षी काही जणांनी तक्रार केली: संगणक अचानक बंद पडला तर परत आल्यावर फाइलचे नाव आहे, आत शून्य बाइट. नवी फाइल सिस्टीम मजकूर उतरवायला जुनीपेक्षा जास्त वेळ घेत होती. नोंद झालेली, मजकूर वाटेतच. लिनक्सच्या पुढच्या आवृत्तीत नेहमीच्या प्रसंगांपुरती त्यावर तजवीज झाली. फाइल सिस्टीमच्या दृष्टीने मात्र ती शून्य बाइटची फाइलही अगदी ‘क्लीन’ होती.

रोजकीर्द असूनही दर तीसेक वेळांनी ती सक्तीची तपासणी कशासाठी होती, हा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारील. रोजकीर्द फक्त अपुऱ्या राहिलेल्या कामापासून वाचवते. सैल केबल, बिघडलेला मेमरी चिप, झिजलेली डिस्क, खुद्द लिनक्समधली एखादी चूक यांमुळे नोंदी बिघडल्या तर रोजकीर्दीला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून दर काही वेळा, किंवा १८० दिवस उलटले की, पूर्ण झडती घ्यायची असा दंडक होता. किती वेळा डिस्क जोडली गेली याचा आकडा सुपरब्लॉकमध्येच लिहिलेला असतो.

हा दंडक पुढे सैल झाला. डिस्का मोठ्या होत गेल्या, तपासणी लांबू लागली, आणि ती नेमकी घाईच्या वेळी येई. नव्याने तयार केलेल्या ईएक्सटी डिस्कांवर ही ठराविक मुदतीची तपासणी २०११ च्या अखेरीपासून मुळातच बंद ठेवलेली असते. आज घरी लिनक्स चालवणाऱ्याला सुरू होताना दिसणारी तपासणी ही बहुधा रोजकीर्द पुरी करून ‘क्लीन’ म्हणणारी, क्षणभराची असते. चालू असताना चूक आढळली तर लिनक्स सुपरब्लॉकमध्ये तशी खूण करतो आणि पुढच्या सुरुवातीला पूर्ण झडती होते. तसे काही आढळले नाही, तर वर्षानुवर्षे पूर्ण झडती न झालेल्या डिस्का आज अनेक घरांत आहेत. मला स्वतःला हा बदल पटत नाही. डिस्क मोठी झाली म्हणून पडताळणीच बंद करणे म्हणजे प्रयोगशाळा वाढली म्हणून जडवस्तू नोंदवही मिटून ठेवण्यासारखे आहे. मुदत पुन्हा घालून देता येते. त्यासाठी ट्यून-टू-एफएस नावाची आज्ञा आहे. मी घरी तीन महिने ठेवली आहे आणि ती उलटली की सुटीच्या दिवशी सकाळी संगणक सुरू करून चहाला जातो.

कोणती डिस्क सुरुवातीला तपासायची हे ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या एफस्टॅब नावाच्या फाइलमध्ये लिहिलेले असते. तिच्यात प्रत्येक डिस्कची एक ओळ असते. ओळीतला शेवटचा आकडा ० असेल तर तपासणी नाही, १ म्हणजे सर्वांत आधी, आणि तो मुख्य डिस्कसाठी राखलेला. २ म्हणजे त्यानंतर. दुसरी डिस्क जोडताना पुष्कळ जण कुठून तरी ओळ उतरवतात, तिच्यात शेवटी ० असते, आणि त्या डिस्कची कधीच तपासणी होत नाही. अर्थात एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस या प्रकारच्या डिस्कला तो आकडा ०च योग्य. त्यांची तपासणी-दुरुस्तीची साधने वेगळी आहेत आणि ती सुरुवातीला आपोआप चालवायची नसतात.

आता वर्गात करता येण्यासारखे काही. एफएससीकेला मजकुरातला बिघाड का दिसत नाही, हे मुलांना हजेरीपटावरून चांगले कळते. फळ्यावर पाच ओळी आणि पाच स्तंभ आखा आणि प्रत्येक चौकटीत ० किंवा १ लिहा. एका विद्यार्थ्याला पाठ करून उभे करा, दुसऱ्याला एकच चौकट गुपचूप बदलायला सांगा. पहिल्याला वळून चूक ओळखता येणार नाही. चौकटी सगळ्या भरलेल्या आहेत, रकाने आखलेले आहेत, मांडणीत कुठे खोट नाही. एफएससीके असेच बघते. आता पुन्हा मांडा, पण या वेळी प्रत्येक ओळीची आणि प्रत्येक स्तंभाची बेरीज कडेला लिहून ठेवा. चौकट बदलली की एक आडवी आणि एक उभी बेरीज चुकते, आणि जिथे ती ओळ व तो स्तंभ छेदतात तिथली चौकट बदललेली असते. मग मुलांना चार चौकटी अशा बदलायला सांगा की कोणतीच बेरीज चुकणार नाही. थोड्या वेळात ती आयताचे चार कोपरे शोधून काढतात. चांगल्या बेरजेत असा चकवा देणे अवघड असले पाहिजे, हे त्यांना मग सांगावे लागत नाही.

संगणकात या कडेच्या बेरजेला चेकसम म्हणतात. ईएक्सटी-४ मध्ये २०१२ पासून कार्डे, याद्या आणि तक्ते यांच्यासाठी चेकसम ठेवण्याची सोय आहे. तुमच्या फोटोसाठी किंवा ध्वनिफितीसाठी नाही. बीटीआरएफएस आणि झेडएफएस मजकुराचेही चेकसम ठेवतात, म्हणून सगळी डिस्क वाचून कोणता खण बिघडला ते सांगू शकतात. पण बिघडला हे कळले तरी चांगली प्रत दुसरीकडे असेल तरच दुरुस्ती होते.

प्रती हा मुद्दा आपल्याकडे नवा नाही. त्र्यंबकेश्वर आणि पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळींच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एक वही एकाच कपाटात ठेवून हा ठेवा टिकत नाही. पान जीर्ण व्हायच्या आत ते उतरवून घ्यावे लागते. २ ऑगस्ट २०१६ रोजी गोदावरीला आलेल्या पुरात काठच्या बाजारपेठेत पाणी शिरले. अशा वेळी संगणक आणि त्याच्या शेजारी ठेवलेली प्रतीची डिस्क दोन्ही सारख्याच भिजतात. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले जळाले आणि असंख्य कागदी फायलींची राख झाली. ज्या पत्राची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत होती तेवढेच परत उभे करता येण्यासारखे होते. म्हणून जाणकार सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. शिक्षकाला हे जड नाही. एक संगणकात, एक घरातल्या वेगळ्या डिस्कवर, एक गावी भावाकडे. डिस्क सतत जोडलेली ठेवू नये. विजेचा एकच झटका दोन्ही नेतो, आणि चुकून पुसलेली फाइल आपोआप उतरणाऱ्या प्रतीतूनही पुसली जाते.

प्रत शाबूत असून वाचता येत नाही, असेही होते. युनिकोड रुळण्याआधी आपण मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटमध्ये टंकित केला. तो फाँट नसला की तीच फाइल आज निरर्थक चिन्हांनी भरलेली दिसते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या २०१७ पासून ‘पारी’ या संग्रहात सर्वांना वाचता-ऐकता येतात. एवढा ठेवा हातांतून हातांत जाताना अक्षरे आणि आवाज वाचता येतील अशा रूपात ठेवणे हेही जतनच असते. माझ्या घरातल्या नऊ फायली मला पाच वर्षेही सांभाळता आल्या नव्हत्या.

आता तसा प्रसंग पुन्हा आला तर मी काय करीन ते सांगतो. तपासणी चालू असताना घाईने बटण दाबणार नाही; दुरुस्ती अर्ध्यावर तोडणे हे मूळ दुखण्यापेक्षा वाईट. पण डिस्कमधून टक् टक् आवाज आला किंवा ‘ब्लॉक वाचता येत नाही’ असे दिसले, तर हा नोंदींचा घोटाळा नसून कपाटालाच वाळवी लागली आहे असे समजून कोणत्याही प्रश्नाला वाय न म्हणता संगणक बंद करीन. मग दुसऱ्या संगणकाला ती डिस्क जोडून, तिच्यावर काहीही न लिहिता, आधी खणामागून खण नक्कल काढीन. डीडीरेस्क्यू नावाची आज्ञावली हेच करते: सहज वाचता येतील ते ब्लॉक आधी उतरवते आणि अडणाऱ्यांकडे शेवटी वळते. एफएससीके चालवायची ती त्या नकलेवर. वाय चुकले तर नक्कल पुन्हा काढता येते. आणि वापरात असलेल्या, जोडलेल्या डिस्कवर दुरुस्ती कधीच नाही. ग्रंथपाल पुस्तके देत-घेत असताना तुम्ही मोजदाद कशी करणार?

डिस्क आपल्या प्रकृतीच्या काही नोंदी स्वतःही ठेवते. ‘स्मार्ट’ नावाच्या या नोंदींत किती खराब जागा बदलून घ्याव्या लागल्या आणि किती जागा वाचायच्या राहिल्या आहेत हे आकडे असतात. ते शून्य असावेत; वाढू लागले तर त्याच आठवड्यात नवी डिस्क आणावी. मात्र हे आकडे शून्य असतानाही डिस्क एकाएकी मरते. तिच्या शांत राहण्यावर फार विसंबू नये.

द्वारकेच्या चौकावरून आता उड्डाणपूल गेला आहे आणि वीज पूर्वीसारखी जात नाही. त्या सहा फायली आज तीन ठिकाणी आहेत, त्यांच्या चेकसमची यादी एका कागदावर छापलेली आहे, आणि दर दिवाळीला मी गावच्या डिस्कवरून एखादी फाइल प्रत्यक्ष लावून ऐकतो. पाचव्या फाइलमध्ये दोन ओव्यांच्या मध्ये जात्याची घरघर थांबते आणि आजी कोणाला तरी दार लावून घ्यायला सांगते.